‘ओरेटेड’ का खोडलं गेलं?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आजोबांनी १९५६च्या ऑक्टोबरात नागपूरला जे पाहिलं, ऐकलं ते एका वहीत लिहून ठेवलं आणि तुम्ही त्या वहीचं इंग्रजी भाषांतर करता आहात. १५ ऑक्टोबरच्या पानावर वाक्य आहे, ‘बाबासाहेबांनी भाषण केलं.’ एवढ्या मोठ्या प्रसंगापुढे साधं ‘स्पोक’ तुम्हाला फिकं वाटलं, म्हणून तुम्ही ‘ओरेटेड’ लिहिलं. संपादकांनी ते खोडलं, कारण दिलं नाही. तुमचं म्हणणं असं, की ‘ओरेटर’ मानाचा शब्द आहे, ‘ओरेशन’ही मानाचा आहे, मग त्याच घरातल्या क्रियापदाने काय पाप केलं?

संपादकांनी खोडलं ते योग्यच केलं. कारण न देता खोडलं हे मला पटलं नाही. ही चूक आपल्याकडे चांगल्या, मेहनती भाषांतरकारांकडूनही होते आणि ती निष्काळजीपणामुळे होत नाही. तुम्ही जो तर्क केलात तोच तर्क करून होते. मी बत्तीस वर्षं नागपुरात मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते आहे, आणि हा शब्द मीही एकदा छापून आणला आहे. ती हकिकत पुढे सांगते.

इंग्रजी वाचणारा ‘ओरेटेड’ वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट माणूस उभा राहतो. छाती पुढे, हात हवेत, शब्द घोळवत चाललेला, स्वतःच्या आवाजावर खूश. ऐकणारे चुळबुळ करताहेत हे त्याच्या गावीही नाही. छोट्या इंग्रजी-मराठी कोशात ‘भाषण करणे, व्याख्यान देणे’ एवढंच मिळतं आणि तिथेच फसगत होते. ऑक्सफर्डच्या किंवा मेरियम-वेब्स्टरच्या कोशात पाहा. दोन्हीकडे अर्थ सांगताना बोलण्यातल्या डौलाचा, आढ्यतेचा उल्लेख येतो, ऑक्सफर्डमध्ये लांबणीचाही. हा काही आडबाजूचा अर्थ नाही. आजच्या वापरात हाच मुख्य आहे.

आता एकाच घरातले शब्द असे वेगळे कसे निघाले, ते पाहू. मूळ लॅटिन क्रियापद ‘ओरारे’. त्याचा अर्थ बोलणं, बाजू मांडणं, विनवणं, प्रार्थना करणं. म्हणूनच प्रार्थनेच्या छोट्या खोलीलाही इंग्रजीत ‘ओरेटरी’ म्हणतात, आणि ‘ओरॅकल’, ‘ॲडोर’ हे शब्दही याच मुळाचे. ‘ओरेटर’ आणि ‘ओरेशन’ इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहेत. प्राचीन रोममधल्या सिसेरोसारख्या थोर वक्त्याच्या भाषणांसाठी वापरले जाणारे हे भारदस्त शब्द. क्रियापद ‘ओरेट’ मात्र सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तुरळक दिसतं आणि मग जवळजवळ नाहीसंच होतं. ते पुन्हा वर आलं ते १८६०च्या दशकात, अमेरिकेत, आणि आलं ते थट्टेचा शब्द म्हणून. ‘ओरेशन’मधला शेवट काढून टाकायचा आणि उरलेल्या तुकड्याला क्रियापद म्हणायचं, अशी ती घडण. त्या काळी तिथे गावोगाव लांबलचक भाषणं होत. ती करणाऱ्यांना चिमटा काढायला हा शब्द हाताशी आला.

शब्दाचा शेवट कापून क्रियापद करणं ही इंग्रजीतली जुनी रीत आहे. ‘एडिटर’ आधी, ‘एडिट’ नंतर. ‘टेलिव्हिजन’ आधी, ‘टेलिव्हाइज’ नंतर. ‘डोनेशन’वरून ‘डोनेट’ आलं तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या शुद्धतावाद्यांनी त्यावर कडाडून टीका केली होती. आज ‘डोनेट’ रक्तपेढीच्या फलकावर असतं आणि कुणाला खटकत नाही. ‘नरेट’ हा शब्द तर डॉ. जॉन्सन यांनी आपल्या १७५५च्या कोशात केवळ स्कॉटलंडमध्ये चालणारा म्हणून नोंदवला होता. आज तो शाळेच्या पुस्तकात आहे. म्हणजे जन्म असा झाला एवढ्यावरून शब्द कायमचा हलका ठरत नाही. मग ‘ओरेट’च का मागे राहिलं?

माझं मत असं, की त्याला दुसरं कामच नव्हतं. संस्थेला रीतसर देणगी देणं या कृतीसाठी ‘गिव्ह’ अपुरं पडत होतं, म्हणून ‘डोनेट’ रुजलं. भाषण करण्यासाठी मात्र ‘स्पीक’, ‘ॲड्रेस’, ‘डिलिव्हर अ स्पीच’ हे सगळे शब्द आधीपासून होते आणि पुरेसे होते. गरज नसताना जो शब्द घेतला जातो तो काहीतरी जास्तीचं सांगायलाच घेतला जातो, आणि इथे ते जास्तीचं म्हणजे बोलणाऱ्याची टर.

त्याच दशकातली एक घटना या संदर्भात मला नेहमी आठवते. १९ नोव्हेंबर १८६३, गेटिसबर्ग. अमेरिकेच्या यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचं समर्पण. छापील कार्यक्रमपत्रिकेत ‘ओरेशन’ होतं एडवर्ड एव्हरेट यांच्या नावापुढे. अध्यक्ष लिंकन यांच्या वाट्याला होते फक्त समर्पणाचे ‘रिमार्क्स’, म्हणजे चार शब्द. एव्हरेट दोन तास बोलले आणि ते त्या काळचे नाणावलेले वक्ते होते. लिंकन दोनेक मिनिटं बोलले, सुमारे २७० शब्द. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनीच लिंकनना पत्र लिहून कळवलं, की प्रसंगाच्या गाभ्याशी तुम्ही दोन मिनिटांत जितके पोचलात तितका मी दोन तासांत पोचलो असतो तर मला आनंद झाला असता. एव्हरेट यांचा हा मोठेपणा मला लिंकनच्या भाषणाइतकाच भावतो. आता लिंकनच्या त्या दोन मिनिटांना इंग्रजी लेखक कोणतं क्रियापद लावतात ते शोधून बघा. ‘स्पोक’ दिसेल, ‘सेड’ दिसेल. ‘ओरेटेड’ तुम्हाला दिसणार नाही. एव्हरेट यांच्यासाठीसुद्धा जो लेखक ते लिहील, तो त्यांना लांबट म्हणतो आहे असंच वाचणारा समजेल.

हे आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही, कारण मराठीत हाच प्रकार रोज चालतो. ‘उवाच’ घ्या. गीतेत ‘श्रीभगवानुवाच’ म्हटलं की हात जोडले जातात. तेच आज कुणी ‘साहेब उवाच’ लिहिलं, की पुढे साहेबांचं काहीतरी हास्यास्पद बोलणं येणार हे पहिल्या शब्दालाच कळतं. ‘वदले’चंही तसंच. जुन्या काव्यात ते साधं, सरळ क्रियापद होतं. आजच्या बातमीत ‘मंत्री वदले’ लिहिलं तर वार्ताहराला त्यांचं बोलणं पटलेलं नाही. आता कल्पना करा, मराठी चांगलं शिकलेल्या एखाद्या परदेशी माणसाने आदरापोटी लिहिलं, ‘१५ ऑक्टोबर रोजी बाबासाहेब वदले.’ त्याचा हेतू शुद्ध, व्याकरण बिनचूक, आणि तरी ते वाक्य आपल्याला क्षणभर बोचेल. तुमचं ‘ओरेटेड’ इंग्रजी वाचकाला अगदी तसंच लागतं.

मराठीत आणखी एक सोय आहे, जी इंग्रजीत या थाटात नाही. आपण ‘भाषण’ हे नाम तसंच ठेवतो आणि त्याच्यापुढचं छोटं क्रियापद बदलून सगळा सूर बदलतो. भाषण करणं आणि देणं, ही दोन्ही सरळ. भाषण ठोकणं यात जोर आहे, आणि बोलणारा आपला लाडका असेल तर त्यात कौतुकही असतं: ‘पोट्ट्याने काय भाषण ठोकलं!’ भाषण झोडणं म्हटलं की ऐकणाऱ्यावर ते लादलं गेलं आहे. लेक्चर झाडणं म्हणजे न मागितलेला उपदेश. भाषण ताणणं म्हणजे वेळेचं भान सुटलं. भाषण उरकणं म्हणजे मन नव्हतं. आणि ‘सभा गाजवली’ म्हटलं की वाक्यातलं भाषण नाहीसं होतं आणि सगळं श्रेय सभेतून वक्त्याकडे येतं. हे सगळे फरक आपल्या कानाला आपोआप कळतात, म्हणून त्यांची वेगळी जाणीव राहत नाही. भाषांतर करताना मात्र ती ठेवावी लागते.

‘ओरेट’ या रांगेत कुठे बसतं? माझ्या मते ‘झोडणं’ आणि ‘ताणणं’ यांच्या मधोमध, थोडा नाटकी आवाज मिसळून. आजोबांच्या वहीत पुढे कुठे ‘अमक्याने अर्धा तास भाषण झोडलं’ असं असेल, तर तिथे ‘ओरेटेड’ जरूर वापरा. तिथे ते नेमकं बसेल. ‘ठोकलं’साठी ते मला पुरेसं मोकळं वाटत नाही, ‘स्पीचिफाय’ त्यातल्या त्यात जवळचं, पण तेही चेष्टेकडे झुकतं. ‘हॅरँग’मध्ये समोरच्यांना फटकारणं आहे, म्हणून ते रागावलेल्या वक्त्यासाठी. ‘डिक्लेम’मध्ये पाठांतर आणि अभिनय आहे. ‘पाँटिफिकेट’ म्हणजे धर्मपीठावर बसल्यासारखा अधिकार गाजवत बोलणं. ‘पेरोरेट’चा मूळचा अर्थ भाषणाचा समारोप करणं असा आहे, पण लांबण लावणं या अर्थानेही ते चालतं, त्यामुळे मी त्याला सहसा हात लावत नाही. या सगळ्यांत साधा कौतुकाचा म्हणावा असा एकही नाही. इंग्रजीत वक्त्याची स्तुती बहुधा नामांनी आणि विशेषणांनी होते. क्रियापद साधंच राहतं.

नामांनी स्तुती होते याचा दाखला नागपुरातच आहे. आपल्याकडचे डॉक्टर एखाद्या ज्येष्ठाच्या स्मृतीप्रीत्यर्थ होणाऱ्या मानाच्या व्याख्यानाला ‘ओरेशन’ म्हणतात. ‘यंदाचं ओरेशन त्यांचं आहे’ हे वाक्य रामदासपेठेतल्या कोणत्याही दवाखान्यात ऐकायला मिळेल आणि ते पूर्ण आदराचं असतं. पण ‘डॉक्टर आज ओरेट करणार आहेत’ असं कुणी म्हणत नाही. राम शेवाळकरांबद्दल इंग्रजीत लिहायचं झालं तर ‘ग्रेट ओरेटर’ लिहा, त्यांच्या ‘ओरेटरी’बद्दल पानभर लिहा, ‘वक्ता दशसहस्रेषु’ या बिरुदाचा अर्थ उलगडून सांगा, की दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो. मात्र ‘ते ज्ञानेश्वरांवर बोलत’ या वाक्यात ‘स्पोक’च लिहा. तिथे ‘ओरेटेड’ आलं तर त्यांच्या रसाळ बोलण्याचा अपमान होईल.

माझ्या हातून झालं ते नेमकं हेच. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एका निवृत्त शिक्षकांच्या गौरवग्रंथातले काही लेख इंग्रजीत करायचे होते, कारण त्यांची नातवंडं परदेशात वाढलेली. एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, की सर दर गुरुवारी मधल्या सुट्टीत झाडाखाली उभं राहून आम्हाला देशाच्या गोष्टी सांगत, आणि त्यांचं बोलणं ऐकताना डबा खायचं राहून जाई. मी ‘बोलणं’ उंच करायला गेले आणि ‘ओरेट’ वापरलं. ग्रंथ छापून झाल्यावर सरांच्या नातीने मला फोन केला. तिने विचारलं, आजोबांचा विद्यार्थी त्यांना हसत होता का? मी मूळ मराठी वाक्य फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, हे तर किती सुंदर आहे. त्या मुलीला तिच्या आजोबांची ती आठवण मराठीतून मिळू शकत नव्हती. ती माझ्यामार्फत मिळायची होती आणि मी ती बिघडवून दिली. पुस्तकाच्या पाचशे प्रती निघून गेल्या होत्या. तेव्हापासून भाषणाचं प्रत्येक क्रियापद मी दोनदा तपासते.

‘उंच करायला गेले’ हे मी मुद्दाम लिहिलं, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्या शाळांमधल्या वक्तृत्व स्पर्धांनी आपल्या मनात एक समजूत पक्की केली आहे, की मोठं बोलणं म्हणजे मोठा आवाज आणि मोठे शब्द. त्या स्पर्धेला आपण इंग्रजीत ‘एलोक्यूशन कॉम्पिटिशन’ म्हणतो, हेही जाता जाता सांगते. इंग्रजीत ‘एलोक्यूशन’ म्हणजे मुख्यतः स्पष्ट उच्चार आणि पठणाची कला. स्वतःचे विचार मांडणाऱ्या मुलाच्या प्रमाणपत्रावर ‘पब्लिक स्पीकिंग’ लिहिलेलं बरं.

आणि आता पक्षपाताबद्दल, कारण तुम्ही इतिहासाचा दस्तऐवज भाषांतरित करता आहात. डिसेंबर १९२०मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. असहकाराच्या ठरावाला जिनांनी विरोध केला. बोलताना त्यांनी ‘मिस्टर गांधी’ म्हटलं आणि मंडपातून ‘महात्मा गांधी म्हणा’ असा ओरडा सुरू झाला. समजा या प्रसंगाचं वर्णन करताना मी लिहिलं, की गांधींनी सभेला ‘ॲड्रेस’ केलं आणि जिनांनी ‘ओरेट’ केलं. एकही विशेषण न वापरता मी माझा कौल देऊन टाकला. इतिहास लिहिणाऱ्याने तो द्यावा, पुरावे मांडून द्यावा. भाषांतर करणाऱ्याला तो द्यायचा हक्कच नाही. दोघांनाही ‘स्पोक’ मिळालं पाहिजे. त्या मंडपात एका संबोधनावरून एवढं झालं. क्रियापदात तेवढीच ताकद असते, फक्त तिच्यावर कुणी ओरडत नाही.

दर हिवाळी अधिवेशनात आपल्याकडे इंग्रजी बातम्यांचा पाऊस पडतो, तेव्हा हे लक्ष देऊन वाचत चला. कोणत्या सदस्याला ‘सेड’ मिळतं, कोणाला ‘थंडर्ड’, कोणाला ‘रँटेड’. दोन आठवड्यांत कान तयार होतो.

आता तुमचं पान. १५ ऑक्टोबरच्या त्या भाषणाची छापील संहिता तुम्ही वाचली असेल; नसेल तर आधी ती वाचा, मग वहीकडे या. धर्मांतर आदल्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या त्याच मैदानावर झालं होतं. दुसऱ्या दिवशीचं भाषण हे त्याचं स्पष्टीकरण आहे. नागपूरच का निवडलं, याचं उत्तर बाबासाहेब नाग लोकांच्या इतिहासातून आणि नाग नदीच्या नावातून देतात. १९३५ साली येवल्याला केलेल्या धर्मांतराच्या घोषणेची आठवण ते काढतात. लोकांनी विचारलेले आणि विचारू शकतील असे प्रश्न घेऊन ते एकेकाला उत्तर देत जातात. घरातल्या जाणत्या माणसाने सगळ्यांना समोर बसवून समजावून सांगावं, तसा तो सूर आहे. शब्द रोजचे आहेत. प्रकृती ढासळलेली असताना, मृत्यूच्या दोन महिने आधी, ते हे बोलत होते. या बोलण्याला डौलाचं क्रियापद अर्थाच्या दृष्टीनेही लागत नाही. म्हणून ‘ओरेटेड’ इथे दोनदा चुकतं: एकदा त्यातल्या उपहासामुळे, आणि दुसऱ्यांदा उपहास बाजूला ठेवला तरी, कारण ते भाषण त्या जातीचं नव्हतंच.

‘डिलिव्हर्ड अ स्पीच’ व्याकरणाने ठीक, पण वहीला ते सरकारी वाटेल. ‘ॲड्रेस्ड द गॅदरिंग’ तर आपल्या वर्तमानपत्रांनी वापरून वापरून गुळगुळीत केलं आहे. ‘एक्सप्लेन्ड’ हे अर्थाला सर्वांत जवळचं, पण आजोबांनी ‘समजावलं’ लिहिलेलं नाही, आणि त्यांनी न लिहिलेलं तुम्ही लिहू नये. उरतं ‘स्पोक’, तुम्ही ज्याला फिकं म्हणालात ते.

ते फिकं का वाटतं याचाही विचार करा. वाक्याचं वजन क्रियापदानेच उचलावं अशी अपेक्षा आपण ठेवतो. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात त्या पानावरची पुढची ओळ दिसते: ‘आम्ही उभ्यानेच ऐकलं. बाजूची म्हातारी सारखी डोळे पुसून राहिली होती.’ ‘पुसून राहिली होती’ ही आपली खास नागपुरी बोली आणि तिचं इंग्रजी अगदी साधं आहे, ‘केप्ट वायपिंग हर आइज’. वजन त्या म्हातारीत आहे. तिच्या आधीचं क्रियापद जितकं शांत ठेवाल तितकी ती वाचणाऱ्याला स्पष्ट दिसेल. ‘बाबासाहेब स्पोक.’ एवढंच लिहा, पूर्णविराम द्या. आजोबांनी पुढचं वाक्य वेगळं ठेवलं आहे, तुम्हीही वेगळंच ठेवा. मधे ‘अँड’ घालून जोडू नका. ‘बाबासाहेब’ तसंच राहू द्या, त्याच्या जागी ‘डॉक्टर आंबेडकर’ करू नका, कारण त्या मैदानावर उभ्या असलेल्या तुमच्या आजोबांसाठी ते बाबासाहेबच होते.

संपादकांना हे पान पुन्हा पाठवाल तेव्हा सोबत मूळ मराठी ओळीही पाठवा.